गेल्या, म्हणजे परत कधी येतील?

मी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत बसले होते. मोजणीचं एक साधं फंक्शन. पण दर वेळी बोलावलं की मागचं विसरायचं आणि पुन्हा शून्यापासून सुरू. एवढ्यात बाबांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. आईच्या विम्याच्या कंपनीतली मुलगी होती.

"मॅडम आहेत का?"

"ती गेली," बाबा म्हणाले.

"बरं, परत कधी येतील?"

हा या महिन्यातला पाचवा फोन. दर वेळी नवा आवाज, तोच प्रश्न, आणि बाबांनी आईला दर वेळी नव्यानं मारायचं! माझं डोकंच फिरलं. अरे, माझ्या या निर्जीव फंक्शनलासुद्धा आकड्याआधी 'स्टॅटिक' एवढा एक शब्द लिहिला की पुढच्या खेपेला मागचं आठवतं. एक शब्द! आणि एवढी माणसं, एवढी यंत्रं पदरी बाळगून तुम्हाला एक बाई मेली हे टिपून ठेवता येत नाही?

मी फोन हिसकावून घ्यायला उठले. बाबांनी हातानंच थांबवलं. पाचव्यांदा 'वारली' म्हणणं त्यांच्याच्यानं होईना.

"संध्याकाळी करा," ते म्हणाले. "तोवर येईल."