पालिकेने नेमलेला बागुलबुवा

माझे वडील शहराचे बागुलबुवा होते. हसू नका. पालिकेची रीतसर नोकरी होती, रोज हजेरीपटावर सही करावी लागे.

आमच्याकडे दिवेलागणीला नदीवरून धुकं वर येतं. मोठ्यांना ते काही करत नाही. लहान मूल मात्र त्यात शिरलं की नुसत्या चपला सापडतात. पण दिसायला इतकं मऊ, की पोरांना त्याची भीती कशी वाटणार? म्हणून बाबा तोंडाला काजळी फासून, पोतं आणि साखळी घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरायचे आणि पोरं धूम घरात पळायची. छत्तीस वर्षांत त्यांच्या हद्दीतलं एकही मूल गेलं नाही. लोकांनी त्याचे पांग काय फेडले? दुकानात पोरं बसलेली असली की न्हावी बाबांना बाहेरूनच वाटेला लावायचा. आणि घरी हा माणूस झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा.

नवरा गेल्यावर पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी माहेरी आले. बागुलबुवाच्या घरात लहान मूल ठेवू नये, असा पालिकेचा नियम होता. तो आम्ही धाब्यावर बसवला. बाबा तिला त्याच पोत्यात बसवून स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत ओढत न्यायचे. दोघंही खिदळायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी ती माझा डोळा चुकवून त्यांच्या मागे गेली. मी धावत कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती धुक्याच्या कडेला उभी होती. बाबा ओरडले, त्यांनी साखळी आपटली.

"आजोबा, पकडा मला!" ती हसत म्हणाली.

आम्ही एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं मागे. तिच्या लेखी तो खेळच होता. तिचे पाय दिसेनासे झाले.

तेव्हा बाबांनी माझी वेणी धरली. मला खाली पाडलं, डोक्याकडून पोत्यात कोंबलं आणि साखळीने मारलं. खोटं खोटं नाही. माझी दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. मी जीव तोडून किंचाळले, आणि पोर "आई गं!" करत घराकडे सुसाट पळाली.

वाचली. पण त्यानंतर ती त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. ते जेवायला आले की ही पलंगाखाली. शेवटी बाबा मागच्या पायरीवर ताट घेऊन बसू लागले.

चार वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "एकदाच सांग ना तिला. मी तसा नव्हतो म्हणून."

"नऊचीच आहे ती, बाबा. धुकं बाराव्या वर्षापर्यंत नेतं."

"हो गं. विसरलोच," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांचा हातही धरवला नाही.

तिसऱ्या दिवशी ते गेले. लेक खोलीच्या दाराशी येऊन लांबूनच बघत होती.

"आई, नक्की मेला ना तो?"

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. खिडकीबाहेर दिवे लागत होते.

"नाही," मी म्हणाले. "तू अंधार पडल्यावर बाहेर दिसलीस की उठेल."