मुहूर्ताचं गंध

“डोयाले डोया भिडला पायजे, ताई. पुढचं माहा प्रोग्राम पाहून घेते.”

नांदुऱ्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर बसवायला अमरावतीहून आलेला माणूस हे वाक्य भेटेल त्याला ऐकवायचा. मी वजनकाट्यावर, म्हणून मला जास्त. कापसाच्या गाडीचं वजन हातातल्या यंत्रात टिपायचं आणि ते यंत्र कॉम्प्युटरला जोडलेल्या एका डबीसमोर धरायचं. दोन्हींना एकेक काळी काच. तिला तो डोळा म्हणे. त्यातून न दिसणारा प्रकाश जाई आणि वजनं कॉम्प्युटरात उतरत. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता, आणि हे तो चहा मागतानाही सांगे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जमलं तर आपण केलं, बिघडलं तर हवेचा दोष. हवेचं मी उगाच म्हणत नाही, पुढे येईलच.

दसऱ्याला जिनिंगचा मुहूर्त. यंत्रांना हार-गंध होतं, मग पहिल्या गाड्या आत घेतात. मी पूजेचं ताट उचललं, तर याने ते माझ्या हातातून घेतलं. “कॉम्प्युटरची पूजा मी करतो. तुमाले जागा नाई समजनार.” त्याला समजलेली जागा म्हणजे डबीची काळी काच. कपाळ असल्यासारखं त्याने तिच्यावर अंगठ्याने जाड गंध ओढलं, वर कुंकू, वर अक्षता. जिनिंगचे मालक शेटजी खूश.

दुपारी गाड्या मोजून झाल्या. शेतकऱ्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरच काढणार होता. हाताने लिहायच्या नाहीत, हे यानेच शेटजींकडून वदवून घेतलं होतं. आज चाललं तर तो कायम, नाहीतर परत अमरावतीला, असं शेटजींनी बजावलं होतं. गडी मात्र आधीच खोली घेऊन बसला होता. बायको आणि मुलगी माहेरी वाट बघत होत्या.

यंत्र डबीसमोर धरलं. काही नाही. प्रोग्राम उघडला, काही ओळी खोडल्या, काही लिहिल्या. काही नाही. मग ट्यूबलाइट बंद करायला लावली. मग पंखा.

“पंखा काऊन?”

“हवेनं किरण हालून राह्यले, ताई.”

आम्ही घामाघूम. चिठ्ठीसाठी ताटकळलेले शेतकरी खिडकीशी जमले. अमडापूरचे एक म्हातारबा कोपर टेकून म्हणाले, “सायेब, मशीन लाजून राह्यली असन. आमी बाजूले होतो, तुमी बोला तिच्यासंग.”

सगळे हसले. हा खाली बसला. “पोरीले इथंच शाळेत टाकाचं होतं,” असं म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. दिवसभरात यंत्र-प्रोग्राम सोडून त्याने काढलेलं ते पहिलंच वाक्य.

मग त्याची नजर डबीवर गेली आणि तिथेच राहिली. त्याने नखाने गंध खरवडलं, रुमालाने काच पुसली, यंत्र पुन्हा धरलं. वजनं धडाधड उतरली.

“बारीक चूक होती प्रोग्रामात,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “काढली.”

चिठ्ठ्या वाटून होतात तोच शेटजी आले. चिठ्ठ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“मुहूर्ताचं गंध कोनं पुसलं?”

मुहूर्ताचा दिवा विझू दिला म्हणून शेटजींनी एका मुनीमाला घरी बसवलं होतं. आमच्या बोलघेवड्याचे कान लाल, रुमाल मुठीत.

“माहा हात लागला,” मी म्हणाले. काट्यावर माझ्यावाचून त्यांचं अडत होतं, ते मला घालवणार नव्हते.

“उद्या आंघोळ करून पुन्हा लावा. त्याच डबीले,” म्हणून शेटजी गेले.

आभार त्याने मानले नाहीत. दोन हंगामांनी पुण्याला निघून गेला तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी मात्र दारात घुटमळला. “ताई, पोरीसाठी इथली कोनती शाळा बरी?”

मी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून गेले, डबीच्या पाठीला ठसठशीत गंध लावलं, ती पाठ दाराकडे फिरवून ठेवली आणि पहिली गाडी काट्यावर घेतली.