सत्तावीस नंबरची रोपं

खतीजा मुलाणी झाडं नंबरानं ओळखायची. लोणावळ्याहून मळवलीकडे येताना डोंगराच्या पोटात परदेशी झाडांचा एक संग्रह आहे. आसपासची माणसं त्याला नुसतं 'फॉरेनची बाग' म्हणतात. तेवीस वर्षांपूर्वी खतीजा तिथं खुरपं घेऊन निंदणीला आली. सातवी शिकलेली, अक्षर टपोरं. एकदा पाहणीचा माणूस रजेवर गेला म्हणून तिला टेप धरायला बोलावलं, आणि ती टेप पुढं तिच्याच हातात राहिली. दर सोमवारी रजिस्टर काखेत मारून ती चारशे झाडांतून फिरायची. कुणाला पालवी फुटली, कुणाच्या कळ्या गळाल्या, कुणाच्या शेंगा तडकल्या, कुणाच्या खोडाचा घेर किती वाढला, सगळं लिहायची. झाडं ब्राझीलची, चीनची, ऑस्ट्रेलियाची. मावळातला पाऊस आणि मे महिन्यातलं ऊन त्यांना कसं मानवतं, याचा तिथं अभ्यास चालायचा.

त्यातलं सत्तावीस नंबरचं झुडूप सगळ्यांचं लाडकं होतं. दक्षिण अमेरिकेतून आलेलं, माणसाच्या दीडपट उंच, पिवळ्या फुलांनी लगडणारं. गुरं त्याला तोंड लावत नसत आणि मुळ्या उतारावरची माती घट्ट धरून ठेवत. तेजल खांडभोर नावाची तळेगावची मुलगी तीन वर्षं त्याच झुडपावर पीएचडी करत होती. प्रश्न एकच होता: हे झुडूप आपलं आपण बियांनी पसरतं का? घाणेरीसुद्धा कधीकाळी कुणीतरी शोभेसाठीच आणली होती आणि पुढं तिनं डोंगरच्या डोंगर खाल्ले, हे तेजलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दर ऑक्टोबरात झुडपांभोवती लाकडी चौकटी टाकून नवी रोपं मोजायची पद्धत होती. अकरा वर्षांच्या रजिस्टरात त्या रकान्यात खतीजाच्या अक्षरात एकच आकडा होता. शून्य.

त्या शून्याच्या भरवशावर रोपवाटिकेत कलमांपासून बारा हजार रोपं तयार झाली. जुलैतल्या तिसऱ्या शुक्रवारी पुण्याहून साहेबलोक येणार होते आणि रोपं टेम्पोंतून आजूबाजूच्या उतारांवर जाणार होती.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी भाजे गावचे दत्तोबा केदारी फाटकाशी आले. त्यांचं भाताचं खाचर बागेच्या खालच्या ओढ्याकाठी होतं. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप खतीजापुढं धरलं.

"खतीजाबाई, हे तुमच्या बागंतलं हाय का बगा. बांधावर उगावलंय. उपटाय गेलं की मुळी तुटती, आन् पंधरा दिसांत परत हजर."

खतीजानं पान चुरगाळलं. लसणासारखा वास आला. देठ तांबूस होता. तिला टेप लागली नाही की पुस्तक लागलं नाही.

"किती हायेत, भाऊ?"

"बांधावर धा-बारा. वर ओढ्यानं गेलं की लय हायेत."

मंगळवारी सकाळी ती एकटीच खालून ओढ्याच्या कडेकडेनं वर चढत गेली. पाणी जोरात होतं, पायाखालचे दगड निसरडे होते. रोपं मोजत मोजत ती त्रेसष्टपर्यंत आली आणि समोर बागेचं कुंपण दिसलं. तिथं ती एका दगडावर बसली. बी पाण्याबरोबर खाली येतं, हे आता उघड होतं. मग इतक्या वर्षांत झुडपांच्या बुडाशी एकही रोप कसं दिसलं नाही?

उत्तर तिला बसल्या जागी सापडलं. पाहणी ऑक्टोबरात व्हायची. निंदणी व्हायची ऑगस्टात. टोळीच्या पुढं उभं राहून 'बुडापासून साफ करा गं, काडी ठेवू नका' असं ओरडणारी ती स्वतःच होती. बोटभर उंचीची कोवळी रोपं गवताबरोबर मुळासकट टोपल्यात जात होती आणि दोन महिन्यांनी ती त्याच स्वच्छ मातीवर चौकट टाकून शून्य लिहीत होती.

शून्य खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

दुपारी तिनं तेजलला गाठलं. तेजल टेबलाशी बसून प्रबंधाची शेवटची प्रकरणं तपासत होती. दहा दिवसांत तो द्यायचा होता. खतीजानं रोप ठेवलं, निंदणीचं सांगितलं. तेजल ऐकत राहिली, मग एकदम म्हणाली, "मग अकरा वर्षं तुम्ही काय मोजत होतात, मावशी?"

खतीजाला ते लागलं. तरी ती खाली न बघता बोलली, "जे जमिनीवर होतं ते मोजलं. जमिनीवरचं आमीच आधी उपटलं व्हतं, त्ये ध्यानात न्हाई आलं."

तेजलनं डोळे पुसले. रागानं की भीतीनं, तिलाच कळत नसावं. "नुसत्या सांगण्यावर कुणी थांबणार नाही. बागेतलाच पुरावा हवा. न निंदलेली जागा आहे का कुठं?"

जागा होती. सहा नंबरच्या प्लॉटात दोन वर्षांपूर्वी वादळात एक उंच सिल्व्हर ओक मुळासकट कलला आणि शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकून राहिला. तो उतरवायला वर क्रेन पोचत नव्हती. प्लॉटाला तार लावून 'आत जाऊ नये' अशी पाटी टांगली होती. दोन पावसाळे तिथं खुरपं लागलं नव्हतं, आणि त्या ओकाच्या बरोबर खाली सत्तावीस नंबरची चार झुडपं होती.

तेजलनं संचालकांना, म्हणजे उपासनी सरांना फोन लावला. ते पुण्यात होते. "त्या झाडाखाली कुणी जायचं नाही," ते म्हणाले, "आणि शुक्रवारचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

बुधवारी दिवसभर वारं होतं. गुरुवारी सकाळी ते थोडं पडलं, तेव्हा दोघी तारेपाशी आल्या. खतीजा म्हणाली, "तुमी भायेर थांबा. मी चौकट टाकते, आकडा सांगते, तुमी लिवा."

"फोटो लागतील, मावशी. मीच काढायला हवेत."

"मग माझ्या मागनं या. वर कुरकुरलं की पळायचं. चौकट, फोन, काय बी उचलायचं न्हाई."

ती ओणवी होऊन आत शिरली. डोक्यावर दोन हातांवर ते जाडजूड खोड आडवं तरंगत होतं, सालीवरून पाणी ठिबकत होतं. गवत कमरेइतकं. तिनं हातानं ते बाजूला केलं. गवताच्या बुडाशी सगळी जमीन तांबूस देठांची होती. मेथीच्या वाफ्यासारखी दाट.

खतीजानं चौकट टाकली. मीटर बाय मीटर. ती बोटानं एकेक रोप बाजूला सारत मोजू लागली. शंभरापर्यंत आवाज स्थिर होता. दीडशेवर वाऱ्याचा एक झोत आला आणि वर बेचक्यात लाकूड लाकडावर घासलं. तेजल दचकून मागं सरली. खतीजा थांबली, वर बघितलं, पुन्हा मोजू लागली.

"मावशी, पुरे. फोटो झाले."

"अर्धं मोजलं तर अर्धंच मानत्यात. एकशे एकाहत्तर... बहात्तर..."

दोनशे चौदावर चौकट संपली. ती उठते तोच वर कडकड झालं. "पळ!" ती ओरडली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून तेजलला एकेरी हाक गेली. तिनं पोरीच्या दंडाला धरून तारेकडे ओढलं. ओक आला नाही. त्याला धरून ठेवणाऱ्या झाडाची मांडीएवढी फांदी तुटून चौकटीवर आदळली. लाकडाच्या चार पट्ट्या चार दिशांना उडाल्या. दोघी तारेबाहेर चिखलात बसून कितीतरी वेळ नुसत्या धापा टाकत राहिल्या. तेजलच्या हातातला फोन शाबूत होता.

शुक्रवारी नऊला मंडप भरला. पाच टेम्पो रोपांनी भरून उभे होते. तेजलनं फोटो दाखवले तेव्हा उपासनी सरांचा चेहरा पडला, पण पाहुण्यांच्या गाड्या आत शिरल्या होत्या. "आज नको," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हार-तुरे झाले की आपण बसू."

"तोवर टेम्पो जातील, सर," तेजल म्हणाली.

टेम्पोचं इंजिन सुरू झालं. खतीजा गेली आणि पहिल्या टेम्पोच्या पुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मंडपातली माणसं वळून बघू लागली. उपासनी सर धावत आले.

"खतीजाबाई, बाजूला व्हा! अकरा वर्षांची नोंद तुमच्या हातची आहे. शून्य लिहिलंय तुम्ही!"

"व्हय सर, मीच लिवलंय." ती टेम्पोपुढून हलली नाही. "ते चुकलंय. माझी चूक मी सांगते, पायजे तर लिवून देते. पण ही रोपं डोंगरावर गेली तर उपटाय कोण जाणार? मी बारा हजार जागी न्हाई जाऊ शकत."

पुण्याहून आलेल्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्या छत्री न घेताच पावसात आल्या आणि म्हणाल्या, "मला ती जागा दाखवा." तारेच्या बाहेरूनच त्यांनी पाहिलं. गवताच्या फटीतून दिसलं तेवढं पुरलं. परत येऊन त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

पुढं जे झालं ते सगळंच गोड नव्हतं. चौकशी बसली. खतीजाकडून रजिस्टर काढून घेतलं आणि वर्षभर तिला पुन्हा निंदणीच्या टोळीत पाठवलं. टोळीतल्या बायका कुजबुजायच्या, "मिरवत व्हती रजिस्टर घेऊन." ती ऐकून घ्यायची. तेजलचा प्रबंध दीड वर्ष मागं पडला. घरचे लग्नासाठी मागं लागले होते, त्यांना काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. पण तिनं प्रबंधाचा प्रश्नच बदलला: आपल्या देखभालीमुळे आपली पाहणी कशी फसते. ओक अखेर करवतीनं तुकडे तुकडे करून उतरवला. हिवाळ्यात सत्तावीस नंबरची सगळी झुडपं मुळासकट काढली. रोपवाटिकेतली बारा हजार रोपं खड्ड्यात घालून जाळली तेव्हा खतीजा तिथं थांबली नाही. त्यांतली निम्मी कलमं तिनंच बांधली होती.

मग एका सोमवारी उपासनी सर स्वतः तिच्यापाशी आले. प्लॉट सहाच्या नोंदी कुणाला नीट जमत नव्हत्या. त्यांनी माफी मागितली नाही, तिनंही अपेक्षा केली नाही. "नवीन पद्धतीनं करायचं," ते म्हणाले. "निंदणीच्या आधी मोजणी."

"आन् कुंपणाच्या भायेर बी, सर," ती म्हणाली. "ओढ्याकाठी."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आता दर पंधरवड्याला खतीजा ओढ्यानं खाली उतरते. दत्तोबा कुदळ घेऊन सोबत असतात, कारण मुळी तुटू न देता काढायची तर खोल खणावं लागतं. गेल्या महिन्यात कुंपणापासून खाचरापर्यंत एकही रोप सापडलं नाही. दत्तोबा खूश झाले, म्हणाले, "झालं बाई, संपलं."

खतीजानं तेवढ्यावर शून्य लिहिलं नाही. ती रेल्वे रुळाच्या मोरीखालून पलीकडे गेली. दगडांच्या सांदीत तिला तीन रोपं दिसली. तिनं साडीचा पदर खोचला, खाली बसली आणि दत्तोबांना कुदळ घेऊन या म्हणून हाक मारली.