लुहांगांचा नवा एडिटर

खुम्बो लुहांगा एकवीस वर्षं म्झुझूच्या आमच्या कचेरीत तुम्बुका भाषेचा शब्दकोश रचत होते. कामाला चिवट, जिभेला तिखट. गावात म्हातारीकडून शब्द घ्यायचा तर साबण, मीठ न्यायचं आणि तुझं नाव शब्दाजवळ राहील असं वचन द्यायचं, ही त्यांची रीत. पुढे कोश छापणाऱ्या मंडळाने फर्मान काढलं, कोशात नावं नकोत. लुहांगांनी ती कोशाच्या एक्सएमएल फायलींत, छपाईत न उतरणाऱ्या टिपांमध्ये लपवली. हे फक्त मला, त्यांच्या सहकारी तवोंगाला, ठाऊक होतं. मी त्यांना अदादा, म्हणजे बाबा, म्हणायचे.

मग कचेरीत विंडोज जाऊन लिनक्स आलं. या फायली ज्यात उघडायच्या तो जुना एडिटर त्यावर चालेना. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत नवा निवडा. लुहांगा प्रत्येक एडिटरमध्ये एकच नोंद उघडून बघत बसले.

"अदादा, हा बघा, किती झरझर चालतो! खूण चुकली की लगेच लाल करतो."

"लाल दिसलं गं. खालच्या टिपेतली न्याझगाम्बो म्हातारी दिसते का?"

"तुम्ही तर सून बघावी तसे एडिटर बघताय!"

"सून निदान बोलते तरी. हे टिपा गुपचूप गिळतात."

गुरुवारी ते गावी मयताला गेले. मला कसली घाई झाली होती कोण जाणे. झरझर चालणाऱ्या त्या एडिटरमध्ये मी एम अक्षराची फाइल उघडली, नीटनेटकी करून साठवली. साठवताना टिपा गाळायच्या, या पर्यायावर त्यात आधीपासूनच खूण होती. मी पाहिलीच नाही. लिनक्स घालताना जुन्या डिस्क कोऱ्या झाल्या होत्या, आणि दुसरी प्रत काढायचं काम माझ्यावरच होतं. ते मी केलं नव्हतं.

शुक्रवारी लुहांगा आले. मी रडतच सगळं सांगितलं.

"किती गेली?"

"सत्तावन्न नावं, अदादा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टिपा जपणारा, सगळ्यांत कुरूप आणि मंद एडिटर निवडला, साहेबांकडून आठवड्याची मुदत मागितली आणि आठवून आठवून नावं सांगू लागले. मी टंकत गेले. छप्पन्न झाली. थोब्वावर, म्हणजे मक्याच्या आंबट पेयावर, धरणाऱ्या सायीचा शब्द कोणी दिला, ते काही केल्या आठवेना.

"शब्दच काढून टाक."

"अहो, माझी आई रोज बोलते हा शब्द! तिचं नाव घालू?"

"तुझ्या आईने मला दिला नाही, पोरी. जिने दिला तिला मी वचन दिलं होतं. काढ."

मी काढला.

कोश छापून आला तेव्हा घराघरातला शब्द गाळला म्हणून पेपरात टीका झाली. 'म्हातारा विसरायला लागला' म्हणून कचेरीत सगळे हसले. लुहांगाही हसले. मी तिथेच उभी होते, पण माझं नाव त्यांनी कुठेच येऊ दिलं नाही.