आमच्या ह्यांची मिशी

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. उमरखेडला, आमच्या घरच्या अंगणात, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची दाढी केली... नवऱ्याची. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

हे बस स्टँडजवळच्या एका गॅरेजात मेकॅनिक होते. त्याच्या दोन महिने आधी तापलेल्या ट्रकच्या रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी उडालं. उजवा हात, उजवा गाल आणि वरचा ओठ भाजला. डोळा वाचला, एवढंच नशीब.

जखमा भरल्या, पण भाजल्या जागी केस उगवेनात. डावीकडे झुबकेदार मिशी आणि उजवीकडे नुसती गुलाबी कातडी... रोज आरशासमोर मिशीला पीळ देणारा हा माणूस आता दाढी वाढवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून घरात बसून होता. गॅरेजवाल्याने दोनदा बोलावणं पाठवलं. हे गेले नाहीत.

सलूनमध्ये जायचं नाही, न्हावी घरी बोलवायचा नाही. स्वतः करावी तर उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. शेवटी सासरे बाजारात गेल्यावर मीच म्हटलं, "मी करून देते."

"बायकोच्या हातानं? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं कुठं आहेत इथं?"

साबणाचा फेस केला. रेझर गालाला लावताना दोघांनीही श्वास रोखला... भाजल्या जागेवर फक्त ओलं बोट फिरवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या जवळून, भर उजेडात, मी त्यांचा चेहरा तोवर पाहिलाच नव्हता.

गाल झाले, हनुवटी झाली. ओठापाशी आले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मिशी नको. आबा आहेत नं अजून."

आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलाने मिशी उतरवायची. बाप असताना काढणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं...

आणि आबा, म्हणजे माझे सासरे, दारातच उभे! विसरलेली पिशवी घ्यायला परत आले होते. मी पदर सावरत उठले, हातात फेसाने भरलेला रेझर. आबा बाजारात धान्य मोजणारे मापारी, आवाज असा की या टोकाचा त्या टोकाला ऐकू जावा. म्हटलं, आता काही खरं नाही.

आबा येऊन मुलासमोर उकिडवे बसले. मुलाचा चेहरा न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "मिशी कोणासाठी ठेवून राह्यला? माह्यासाठीच नं?"

ह्यांनी मान हलवली.

"मंग मी जित्ता आहो, अन् मीच सांगून राह्यलो. काढ." माझ्याकडे वळून म्हणाले, "बस पोरी. हात हलू देऊ नको."

आणि त्यांनी दोन्ही तळव्यांत मुलाचं डोकं धरलं... जावळ काढताना लेकराचं धरतात तसं. मी मिशी उतरवली. ह्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्या उघड्या ओठावर ओघळलं. आबांनी ते धोतराच्या सोग्याने टिपलं.

"झोंबते काय रे?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी हे दुपट्ट्याशिवाय कामाला निघाले. बघते तर आबाही चपला घालून तयार. त्यांचा बाजार उलट्या दिशेला...

"तुम्ही कुठं?" ह्यांनी विचारलं.

"तुही मिशी नाही पाह्यली की लोकं म्हणतीन, म्हातारा गेला. मी सोबत दिसलो म्हणजे झालं."

आठवडाभर रोज, भर रस्त्याने, आबा मुलाला गॅरेजपर्यंत सोडून आले. बापलेकांना असं सोबत चालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे हात सुधारला, हे स्वतः दाढी करू लागले. रविवारची मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे होती. मिशी परत कधी ठेवली नाही.

आज दोघंही नाहीत. त्या काळी सुना सासऱ्यांशी फारसं बोलत नसत, त्यामुळे मला आबांना जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं... आबा, तुम्ही माझा माणूस मला परत दिलात.