चाकांवरचं स्वयंपाकघर

घर सोडलं की माणूस देवाच्या वाटेला लागतो, असं सगळ्या धर्मांच्या पोथ्या एकमुखानं सांगतात. घर बरोबर घेऊन निघालेल्या माणसाबद्दल मात्र त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. ही उणीव आमच्या थोरल्या भावानं, आप्पांनी, भरून काढायचं ठरवलं.

आप्पांचा निपाणीत तंबाखूचा व्यापार होता आणि दाराशी मोटार होती. मोटारीच्या मागं जोडून ओढायचं घर त्यांनी एका विलायती मासिकातल्या चित्रात पाहिलं. मजकूर इंग्रजी होता, त्यामुळं पाहिलं ते चित्रच. आठवड्याभरात त्यांनी बेळगावच्या कॅम्पातल्या एका कारखान्याला तसलं घर बांधायला सांगितलं. हा कारखाना आधी टांगे बांधायचा, नंतर मोटारींच्या बॉड्या बांधू लागला. मालकांचं बोलणं ऐकून वाटे, आता विमानांचं तेवढं राहिलंय.

निमित्त होतं आमच्या आक्काचं. ती आप्पांहूनही मोठी, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आम्हा दोघांना तिनंच वाढवलं. आम्ही जैन; दिवस मावळल्यावर ती तोंडात काही घालत नसे आणि आपल्या हातानं गाळलेल्या पाण्याखेरीज थेंब घेत नसे. हे नेम सांभाळून श्रवणबेळगोळच्या डोंगरावरच्या सत्तावन्न फुटी मूर्तीपर्यंत कसं जायचं, या विचारात तिची पन्नाशी उलटली होती. त्यात तिची नजर जाऊ लागली. चिरून उपयोग नाही, फार तर वर्षभर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"लई थोर मूर्ती हाय म्हंत्यात," ती म्हणाली. "ती तरी दिसंल. बारकं देव आता दिसंनात मला."

डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती. कारखान्यानंही घराला वर्षाचीच हमी दिली. हमीचा कागद जाड होता, वर दोन सिंह छापलेले होते. मी तेव्हा चिकोडीच्या कोर्टात नुकताच वकील झालो होतो आणि पक्षकारांअभावी वाचायला भरपूर वेळ होता, म्हणून कागद माझ्याकडं आला. त्यात लिहिलं होतं, की बांधणीत दोष निघाल्यास वाहन स्वतःच्या चाकांवर कारखान्यात आणावं आणि दोष मालकांना समक्ष दाखवावा. मला ते वाजवी वाटलं. माझ्या वकिलीची कल्पना यावरून यावी.

घर आलं. आत बाक, चूल ठेवायला ओटा, पाण्याची टाकी आणि टाकीला पितळी नळ. बाहेर आप्पांचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. गाव त्याला 'आप्पांचा डबा' म्हणू लागलं. चाचणी म्हणून आम्ही जवळच्या स्तवनिधीला निघालो. वाटेत चढावर मोटार थांबवली, तर डब्याचं दार उघडेना. आक्का आत, आप्पा बाहेर, आणि दोघांच्या मध्ये कॅम्पातली कारागिरी.

"ढकलू नगं रं," आक्का खिडकीतून म्हणाली. "सपाटीला गेलं की उघडंल ते."

सपाटीला ते आपोआप उघडलं. चढ आला की सांगाडा पिळायचा आणि दार चौकटीत रुतायचं, एवढाच प्रकार होता. आम्ही घर चाळीस-पंचेचाळीस मैल ओढत कॅम्पात नेलं. मालक हॅट घालून बाहेर आले. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"छान उघडतंय की, वकीलसाहेब."

"चढावर उघडत नाही."

"इथं दाखवा मला चढ."

कारखान्याचं आवार आरशासारखं सपाट होतं. रस्त्यावर चला म्हटलं, तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं. दोष कारखान्यात दाखवायचा होता. मी घरी येऊन पत्र लिहिलं. पत्र उत्तम उतरलं होतं. पुढं महिनाभर पत्रापत्री चालली आणि अखेर त्यांनी मेहेरबानी म्हणून दार सगळीकडून तासून दिलं. आता ते चढावर उघडायचं आणि सपाटीलाही उघडायचं, आपल्या मर्जीनं, चालत्या गाडीत.

दार तासल्यामुळं फटी पडल्या. परतीच्या वाटेवर सगळा धुरळा आत आला आणि आक्कानं डब्यात भरून ठेवलेलं पीठ तांबडं झालं. पुन्हा कॅम्प. या खेपेला फटी डांबरानं बुजवल्या. मग आत शिजवलेल्या भाताला डांबराचा वास येऊ लागला. त्यावर मालकांचं उत्तर आलं, की वास हा बांधणीतला दोष होत नाही. आप्पांना राग येई, पण डबा परत देऊन टाका म्हटलं की ते म्हणत, "गावाला काय सांगू?" आक्काला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पडला नाही. मालकांच्या प्रत्येक उत्तरातली पळवाट शोधायची मला चटक लागली होती, आणि तेव्हा कोर्टात माझं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या चाचणीच्या वेळी आक्का डाळीतले खडे बघून काढायची. डांबराच्या सुमारास ती डाळ ताटात पसरून बोटांनी चाचपू लागली.

मग नळ गळायला लागला. आता डबा आणणार नाही, माणूस पाठवा, असं मी कडक पत्र लिहिलं आणि नवल म्हणजे फिटर आला. मोकळ्या स्वभावाचा, बडबड्या माणूस. आक्का शेजारी बसून होती. त्यानं नळ खोलला आणि आतून एक काळी चकती काढून तिच्या पुढ्यात धरली.

"ह्यो वायसर गेलाय, आक्का. दुसरा घालतो."

"कशाचा हाय त्यो?"

"चामड्याचा. अस्सल बैलाचं कातडं हाय, काळजी करू नका."

आक्का उठली, चाचपडत पायरी उतरली आणि मोरीवर जाऊन चूळ भरत राहिली. तीन चाचण्यांत तिनं त्या टाकीचं पाणी गाळून, नेमानं, समाधानानं प्यायलं होतं. तिनं तीन दिवस उपास केला. आप्पा ओसरीवर बसून राहिले. मी पत्र लिहिलं.

मालकांनी कळवलं, की चामडं पहिल्या प्रतीचं आहे. रबराचा वायसर घातला तर तो बांधणीतला बदल ठरेल आणि हमी रद्द होईल. त्यांचा मुद्दा कायद्यानं बरोबर होता. हे पत्र मी आक्काला वाचून दाखवलं.

"अजून किती पत्रं हाईत रं त्याच्यात?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग ऱ्हाऊ दे. चिकोडीकडच्या बायका बेळगोळला निघाल्यात. दोर अन् बादली घेऊन जात्यात. हिरीचं पाणी वडायचं, गाळायचं, प्यायचं. उजेड हाय तवर जेवायचं."

"हे आधी का नाही बोललीस?"

"आप्पाची हौस हुती," ती म्हणाली. "अन् मला बी वाटलं, बसावं एकदा डब्यात."

चिकोडी रोड स्टेशनवर मी तिला गाडीत चढवलं. गळ्यात दोराचं भेंडोळं, काखेला बादली, गाठोड्यात दशम्या. शेतकऱ्यांच्या बायकांनी तिला आपल्यात ओढून घेतलं आणि खिडकीशी बसवलं. तिनं माझ्याकडं बघून हात हलवला. मी उभा होतो त्याच्या जरा डावीकडं.

अठरा दिवसांनी ती परत आली. आम्ही दोघं दारात उभे होतो. आप्पांनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि मूर्ती दिसली का, म्हणून विचारलं.

"दिसली की," आक्का म्हणाली. "गुडघ्यापातुर."