पहिला नंबर

नातीच्या खोडरबराचा वास आला की मला सक्करदऱ्याच्या घरातली ती दुपार आठवते. माझा लाडका ठोकळ्यांचा खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. माळ्यावरच्या जुन्यात होता, पण त्यात पहिला नंबर नवऱ्याचा, आणि हे रोज चहाला तेच ऐकवायचे. शेवटी मी ते खोकं खाली काढलं, तर पडदा काळाच. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मेमरीची पट्टी काढून तिची पिवळी कड घास." मी पन्नाशीची अतिशहाणी, फोन ठेवून चिंच भिजवायला बसले. हे खो-खो हसले, "काहून वं, समई आहे का ते? कशानं घासू, इचार तं त्याले!" पुन्हा विचारलं, तर खोडरबरानं. "हसा! तुमचा नंबर खाली आणल्याशिवाय मी उठत नाही." कूलरसमोर बसून मी पट्टी घासत राहिले, बसवत राहिले, आणि दिवेलागणीला पडद्यावर ठोकळे पडू लागले. आठवडाभरात पहिला नंबर माझा. आता हे रोज विनवतात, "एक डाव खेळू दे नं वं, कॉम्प्युटरची वायर कुठं लपवली?" वायर तेव्हापासून तांदळाच्या डब्यात आहे. ह्यांनी एकदा जरी भात लावला असता, तर सापडली असती.